शब्दांच्या जागा : इंग्रजी व्याकरण आणि बंगलोरचा प्रयोग

शिक्षक वर्गाच्या दाराकडे चालत जातात आणि चालता चालता म्हणतात, ‘आय ॲम वॉकिंग टु द डोअर.’ मग ते एका विद्यार्थ्याला चालायला सांगतात. तो चालतो आणि तेच वाक्य म्हणतो. दुसरा विद्यार्थी चालू लागला की सारा वर्ग एका सुरात म्हणतो, ‘ही इज वॉकिंग टु द डोअर.’ वाक्य निर्दोष असते, उच्चार स्पष्ट असतो आणि तास संपताना शिक्षकांना समाधान वाटते. थोड्या वेळाने तोच विद्यार्थी व्हरांड्यात भेटतो. कोठे चाललास, असे इंग्रजीत विचारले असता तो उत्तरतो, ‘सर, लायब्ररी गोइंग.’

दक्षिण भारतातील शाळांत १९६० नंतरच्या काळात इंग्रजी शिकविण्याची जी पद्धत रूढ झाली होती तिचे यश आणि अपयश या दोन उत्तरांमधील अंतरात सामावलेले होते. या पद्धतीत भाषेची वाक्यरचनांमध्ये विभागणी केलेली असे. सोपी रचना आधी आणि अवघड रचना नंतर, असा त्यांचा क्रम लावलेला असे. प्रत्येक रचना एखाद्या दृश्य प्रसंगाच्या आधारे तोंडी शिकवावयाची, ती पक्की होईपर्यंत घोटून घ्यावयाची आणि मगच पुढच्या रचनेकडे वळावयाचे, असा दंडक होता. ही पद्धत अडाणीपणाची मुळीच नव्हती. व्याकरणाच्या व्याख्या पाठ करून घेणाऱ्या आणि भाषांतरावर भिस्त ठेवणाऱ्या जुन्या शिक्षणापेक्षा ती कितीतरी जिवंत होती. तिच्या प्रसारासाठी शिक्षकांना मोठ्या प्रमाणावर प्रशिक्षण देण्यात आले. १९६३ साली बंगलोर येथे स्थापन झालेली दक्षिण भारत प्रादेशिक इंग्रजी संस्था याच कामासाठी होती. त्या शहराचे अधिकृत नाव २०१४ पासून बेंगळुरू झाले असले, तरी ज्या प्रयोगाची हकीकत पुढे येणार आहे तो जगभर ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणूनच ओळखला जातो.

प्रयोगाकडे वळण्यापूर्वी व्हरांड्यातील त्या मुलाचे नेमके काय चुकले हे पाहिले पाहिजे. त्याने वगळलेली प्रत्येक गोष्ट इंग्रजी व्याकरणाच्या मुळाशी असलेल्या एखाद्या तत्त्वाकडे बोट दाखविते.

त्याने ‘आय’ म्हटले नाही. कन्नडमध्ये ते म्हणण्याची गरजच नसते. ‘होगुत्तेने’ एवढे म्हटले की जाणारा ‘मी’ आहे हे क्रियापदाच्या शेवटावरून कळते. ‘होगुत्ताने’ म्हटले की तो पुरुष आहे आणि ‘होगुत्ताळे’ म्हटले की ती स्त्री आहे, हेही कळते. मराठीतील ‘जातो’, ‘जाते’, ‘जातात’ ही रूपे कर्त्याची ओळख अशीच आपल्याबरोबर घेऊन येतात. इंग्रजी क्रियापदाने मात्र आपले प्रत्यय शतकानुशतके झिजवून टाकले आहेत. ‘गो’ हे रूप मी, आम्ही, तू, तुम्ही आणि ते या सर्वांना चालते. कर्ता कोण हे क्रियापद सांगू शकत नाही, म्हणून कर्त्याला स्वतः हजर राहावे लागते. पाऊस पडतो आहे हे सांगताना कोणी करणारा नसतो, तरीही इंग्रजीला ‘इट’ हा नावापुरता कर्ता उभा करावा लागतो, तो यामुळेच.

दुसरे तत्त्व जागेचे. ‘मांजराने उंदीर मारला’ आणि ‘उंदीर मांजराने मारला’ या दोन वाक्यांत जोर बदलतो, पण मरणारा प्राणी बदलत नाही, कारण ‘ने’ हा प्रत्यय मांजराला चिकटलेला आहे आणि ते वाक्यात कोठेही गेले तरी तो त्याच्याबरोबर जातो. इंग्रजी नामाजवळ असा प्रत्यय उरलेला नाही. ‘द कॅट किल्ड द रॅट’ या वाक्यात मांजर मारणारे ठरते ते केवळ क्रियापदाच्या आधी बसल्यामुळे. दोन नामांची अदलाबदल केली की उंदराने मांजर मारल्याचे वर्तमान तयार होते. जे काम मराठीत आणि कन्नडमध्ये विभक्ती करते तेच काम इंग्रजीत जागा करते. हे एकदा लक्षात आले, म्हणजे इंग्रजीत क्रियापद मध्येच का येते आणि कर्म त्याच्या मागे का उभे राहते, याबद्दलचे आश्चर्य पुष्कळसे ओसरते.

येथे मराठी वाचकाची एक गोड फसगत होण्याचा संभव असतो. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्याची मांडणी बऱ्याच अंशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती आणि त्या परंपरेतून शब्दांच्या आठ जाती मराठी शाळेत रूढ झाल्या. त्यामुळे मराठी विद्यार्थी इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक उघडतो तेव्हा नाम, सर्वनाम, विशेषण अशी ओळखीची नावे त्याला भेटतात आणि घरही ओळखीचेच असेल असे त्याला वाटते. पण ‘शब्दयोगी अव्यय’ हे एकच नाव घेतले तरी फरक दिसू लागतो. मराठीत ते नामाच्या पाठीमागून येते (‘टेबलाखाली’) आणि नामाचे सामान्यरूप करावयास लावते. इंग्रजीत ते नामाच्या पुढे चालते (‘अंडर द टेबल’) आणि नामाला हातही लावत नाही.

‘ॲम’ वगळण्याच्या बाबतीत मराठी आणि कन्नड यांच्यातही अंतर आहे. कन्नडमध्ये ‘इदु मने’ म्हणजे ‘हे घर’ एवढे म्हटले की ‘हे घर आहे’ असे विधान पूर्ण होते. मराठीला ‘आहे’ लागते आणि म्हणून ‘इज’ची सवय मराठी मुलाला कदाचित थोडी लवकर लागत असावी. उपपदांच्या बाबतीत मात्र दोघेही एकाच नावेत आहेत. ‘अ’ आणि ‘द’ या शब्दांना दोन्ही भाषांत थेट जोड नाही. परंतु एवढ्यावरून त्यामागची कल्पनाच परकी आहे असे समजणे चुकीचे होईल. कन्नडमध्ये ‘पुस्तक ओदिदे’ म्हणजे पुस्तक वाचले, कोणते ते महत्त्वाचे नाही. ‘पुस्तकवन्नु ओदिदे’ म्हटले की ते विशिष्ट, आधी उल्लेखिलेले पुस्तक होते. ऐकणाऱ्याला ठाऊक असलेली वस्तू आणि त्याला नव्याने सांगितली जाणारी वस्तू यांतला भेद कर्मापुरता तेथे प्रत्ययाने दाखविला जातो. इंग्रजी तोच भेद नामाच्या पुढे एक छोटा शब्द ठेवून दाखविते, आणि कर्मच नव्हे तर प्रत्येक नामाच्या बाबतीत तो दाखविण्याचा आग्रह धरते. शिक्षकाने ‘द’च्या उपयोगाचे बारा नियम फळ्यावर लिहिण्याऐवजी ‘हे ऐकणाऱ्याला आधीच माहीत आहे का?’ हा एकच प्रश्न विचारण्याची सवय लावली, तर निम्म्याहून अधिक अडचणी सुटतात.

प्रश्नवाचक वाक्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. मराठीत विधानाच्या शेवटी ‘का’ ठेवला की प्रश्न होतो. कन्नडमध्ये ‘बरुत्तीरि’, म्हणजे ‘तुम्ही येता’, या रूपाचा शेवट बदलून ‘बरुत्तीरा’ केले की ‘येता का?’ असा अर्थ होतो. इंग्रजीत जागाच अर्थ सांगते, म्हणून प्रश्नासाठीही जागाच बदलावी लागते: ‘ही इज’ या शब्दांचे ‘इज ही’ होते. परंतु ही उडी मारण्याचा अधिकार फक्त सहाय्यक क्रियापदांना आहे. ‘गोज’सारख्या मुख्य क्रियापदाला तो नाही. मग ‘डू’ हे क्रियापद भाड्याने आणावे लागते आणि काळाचे व पुरुषाचे चिन्ह त्याच्या अंगावर चढते. ‘डज ही गो?’ यात ‘गो’ उघडा राहतो, कारण त्याचा ‘एस’ ‘डज’ने नेलेला असतो. ‘डज ही गोज?’ म्हणणारा विद्यार्थी बेफिकीर नसतो. नियम एकदा पाळावयाचा असताना तो दोनदा पाळतो, इतकेच. वाक्याच्या शेवटी सर्रास ‘इजन्ट इट?’ जोडणाऱ्याचीही तीच गत आहे. कन्नडमधील ‘अल्वा?’ आणि मराठीतील ‘नाही का?’ कोणत्याही वाक्याला न बदलता चालतात. इंग्रजीत मात्र प्रत्येक वाक्याला त्याच्या सहाय्यक क्रियापदाप्रमाणे निराळे शेपूट लागते.

आणि मग तो प्रसिद्ध ‘एस’. तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्याच्या वर्तमानकाळी क्रियापदाला तो लावावयाचा, हा नियम दहा वर्षांच्या मुलाला पाच मिनिटांत समजतो. परंतु इंग्रजीचे व्याकरण मुलांच्या तोंडी कोणत्या क्रमाने बसते याचा जो अभ्यास १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत झाला, त्यात हा ‘एस’ फार उशिरा येणाऱ्यांपैकी आढळला. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्या मुलांतही आणि ती दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या मुलांतही. अनेकवचनाचा ‘एस’ उच्चाराने अगदी तसाच असतो, तरी तो पुष्कळ आधी येतो. नियम सोपा असणे आणि तो बोलताना हाताशी येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे दाखविणारे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. कारणही समजण्यासारखे आहे. अनेकवचनाचा ‘एस’ अर्थात भर घालतो. क्रियापदाचा ‘एस’ जे सांगतो ते कर्त्याने आधीच सांगितलेले असते.

एन. एस. प्रभू हे मद्रासमध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या वतीने इंग्रजी शिक्षणाचे तज्ज्ञ म्हणून काम करीत होते. रचना घोटून घेण्याच्या पद्धतीशी त्यांचा निकटचा परिचय होता. वर्गात बिनचूक येणारी रचना वर्गाबाहेर का येत नाही, हा प्रश्न त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना छळत होता. त्या काळात युरोपात या प्रश्नाला एक उत्तर दिले जात होते: विनंती करणे, क्षमा मागणे, निमंत्रण देणे अशा व्यवहारांना उपयोगी पडणारी भाषा शिकवावी. बंगलोर येथील चर्चांतून निघालेला निष्कर्ष निराळा होता. आठवड्यातून काही तास इंग्रजी शिकणाऱ्या आणि शाळेबाहेर तिचा फारसा संबंध न येणाऱ्या मुलाला हॉटेलात खोली मागण्याची भाषा शिकवून काय मिळणार? त्याची खरी गरज व्याकरणाचीच होती. परंतु व्याकरण शिकविले म्हणून येत नाही. विद्यार्थ्याचे लक्ष अर्थाकडे गुंतलेले असताना त्याच्या मनात ते आपोआप, त्याच्या नकळत घडत जाते, असे प्रभूंचे गृहीतक होते. व्याकरण वर्गातून हद्दपार करणारे म्हणून प्रभूंची ख्याती झाली. वस्तुतः व्याकरणाची चिंता हाच त्यांच्या साऱ्या खटाटोपाचा उगम होता.

१९७९ ते १९८४ या पाच वर्षांत या गृहीतकाची परीक्षा दक्षिण भारतातील काही नेहमीच्या शाळांत घेण्यात आली. प्रादेशिक इंग्रजी संस्था आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी प्रकल्पाला आधार दिला. या वर्गांत रचनांची यादी नव्हती आणि शब्दांचीही नव्हती. अभ्यासक्रम म्हणजे कामांची मालिका असे. आगगाड्यांचे वेळापत्रक, शाळेचे वेळापत्रक, गावाचा नकाशा, महिन्याचे कॅलेंडर, वयाचे आणि पैशांचे हिशेब, टपाल व तार यांचे नियम हे त्यातील विषय होते.

असा तास कसा चालत असेल याची कल्पना एका साध्या उदाहरणावरून येईल. फळ्यावर मद्रास आणि बंगलोर यांमधील गाड्यांच्या सुटण्याच्या व पोहोचण्याच्या वेळा लिहिलेल्या आहेत. शिक्षक इंग्रजीत विचारतात: कोणती गाडी आधी पोहोचते? कोणत्या गाडीला कमी वेळ लागतो? एका गृहस्थाला दुपारी दोन वाजता बंगलोरला सभा आहे आणि सकाळी नऊपूर्वी त्याला घर सोडता येत नाही, तर त्याने काय करावे? उत्तर एका शब्दात दिले तरी चालते. ते चुकीचे असेल तर शिक्षक प्रश्न सोपा करून पुन्हा विचारतात. सारा वर्ग मिळून असे एक काम पार पाडतो आणि मग प्रत्येक मुलाला तशाच स्वरूपाचे दुसरे काम कागदावर स्वतंत्रपणे करावयास दिले जाते. निम्म्या मुलांना निम्मे तरी काम जमले, तर कामाची काठिण्यपातळी योग्य होती असे मानावयाचे आणि न जमल्यास पुढचे काम सोपे करावयाचे. येथे ‘इफ’, ‘बिफोर’, ‘लेटर दॅन’ या शब्दांचा वर्षाव होत राहतो, पण त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. सगळे गाडीविषयी बोलत असतात.

प्रभूंनी अशा कामांचे तीन प्रकार पाडले. एका मुलाकडे असलेली माहिती दुसऱ्याला कळविणे हा पहिला, दिलेल्या माहितीवरून तर्काने नवी माहिती काढणे हा दुसरा आणि स्वतःचे मत बनवून मांडणे हा तिसरा. त्यांचा कल दुसऱ्याकडे होता. पहिल्या प्रकारात मूल कागदावरचे वाक्य जसेच्या तसे वाचून मोकळे होते. तिसऱ्यात बरोबर काय आणि चूक काय हे संदिग्ध राहते आणि भाषा अपुरी असलेले मूल गप्प बसते. तर्काच्या कामात मात्र उत्तर निश्चित असते. ते काढण्यासाठी वाक्य पुन्हा पुन्हा मनात घोळवावे लागते आणि उत्तर सापडल्याचा आनंदही मिळतो. गणिताच्या तासाला रमणारे मूल इंग्रजीच्या तासाला का कंटाळते, या प्रश्नाचे हे उत्तर आजही विचारात घेण्याजोगे आहे.

गटाने काम करवून घेण्याचे मात्र प्रभूंनी टाळले. मुलांनी एकमेकांत इंग्रजी बोलावे हा त्या काळातील पुढारलेला विचार होता. परंतु मुले एकमेकांची मोडकी वाक्ये ऐकत राहिली, तर तीच वाक्ये त्यांच्या कानात घट्ट बसतील, अशी त्यांना भीती वाटे. चूक झाली तर शिक्षक बरोबर वाक्य सहज उच्चारून पुढे जात. काम थांबवून त्या चुकीवर धडा देण्यास बंदी होती.

१९८४ साली एडिंबरो विद्यापीठातील ॲलन डेव्हिस आणि ॲलन बेरेटा यांनी चार शाळांत या प्रयोगाचे मूल्यमापन केले. प्रत्येक ठिकाणी प्रयोगातील वर्गाची तुलना नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या वर्गाशी करण्यात आली. रचनांवर आधारलेली परीक्षा एका पद्धतीला अनुकूल आणि कामांवर आधारलेली परीक्षा दुसरीला अनुकूल ठरणार हे उघड होते. अपेक्षेप्रमाणे दोन्ही वर्ग आपापल्या मैदानावर चमकले. म्हणून खरे लक्ष दोघांनाही सारख्याच परक्या असलेल्या परीक्षांकडे होते: श्रुतलेखन, आकलन, आणि संदर्भासह दिलेल्या उताऱ्यातील व्याकरण. तेथे एकंदरीने प्रयोगातील मुले पुढे होती. ज्यांना व्याकरण शिकविलेच नव्हते अशी मुले व्याकरणाच्या एका परीक्षेत सरस ठरली, ही गोष्ट साधी नव्हती.

तथापि परीक्षकांनी आपल्या निष्कर्षांना स्वतःच मर्यादा घातल्या. मुलांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, जे वर्ग होते तेच घ्यावे लागले होते. शिवाय प्रयोगातील शिक्षक सामान्यतः अधिक प्रशिक्षित होते आणि त्यांचा उत्साहही अधिक होता. यश पद्धतीचे की शिक्षकांचे, हे सांगणे म्हणूनच कठीण झाले. बेरेटा यांनी पुढे या शिक्षकांच्या अनुभवांचाही अभ्यास केला. त्यात शाळेच्या नेहमीच्या शिक्षकांना ही पद्धत पेलणे बाहेरून आलेल्या तज्ज्ञांपेक्षा जड गेल्याचे दिसले. हा आक्षेप या साऱ्या हकिगतीतील सर्वांत गंभीर आहे. घोटलेली वाक्ये शिकविणाऱ्याला ती तेवढी वाक्ये आली तरी पुरतात. वेळापत्रकावर इंग्रजीत गप्पा मारावयाच्या, मुलाचे अनपेक्षित उत्तर ऐकून तत्क्षणी दुसरा प्रश्न रचावयाचा, तर भाषेवर बऱ्यापैकी प्रभुत्व हवे. जो शिक्षक स्वतः मराठी किंवा कन्नड शाळेत रचना पाठ करून इंग्रजी शिकला, त्याच्याकडून ते मागणे सोपे नाही. ज्या मुलांच्या घरी इंग्रजीचा एक शब्दही कोणी बोलत नाही त्यांच्या वाट्याला बहुधा असाच शिक्षक येतो आणि त्यांच्या शालान्त परीक्षेचा निकालही त्याच्यावरच अवलंबून असतो.

दुसरा आक्षेप भाषेच्या स्वभावातून निघतो आणि तो प्रकल्पाच्याच एका विषयाच्या आधारे मांडता येतो. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तोवर ‘फादर इल स्टार्ट इमिजिएटली’ या स्वरूपाचा मजकूर देशभर जात असे. प्रत्येक शब्दाला पैसे पडत, म्हणून लोक सर्वांत कमी कामाचे शब्द गाळीत. गळत ते ‘इज’, ‘द’, ‘टु’ असेच, आणि तरीही मुलगा त्याच रात्रीची गाडी पकडी. व्हरांड्यातील ‘लायब्ररी गोइंग’ ही एका अर्थाने तारच आहे: अर्थ पोहोचतो. मग ज्याचे लक्ष केवळ अर्थाकडे आहे त्याने अर्थाला न लागणाऱ्या शब्दांची दखल का घ्यावी? ‘एस’ गाळूनही गाडीचे गणित सुटत असेल, तर तो ‘एस’ मनात कसा रुजेल? प्रभूंचे उत्तर धीराचे होते: पुरेशी भाषा कानावरून आणि डोळ्यांखालून गेली तर तेही सावकाश घडेल. नंतरच्या संशोधकांपैकी अनेकांनी मधला मार्ग पत्करला. लक्ष अर्थाकडेच असावे, पण अधूनमधून ते क्षणभर रूपाकडे वळवावे, असे त्यांचे म्हणणे आहे.

१९८४ मध्ये प्रकल्प संपला. १९८७ साली प्रभूंचे ‘सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी’ हे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. कामांच्या आधारे भाषा शिकविण्याच्या पद्धतीचा इतिहास सांगताना जगातील अभ्यासक आजही त्याचा उल्लेख करतात. १९९० मध्ये लिहिलेल्या एका लेखात प्रभूंनी सर्वोत्तम पद्धत अशी काही का नसते, हा प्रश्न चर्चेला घेतला. एकच पद्धत एका वर्गात जिवंत असते आणि शेजारच्या वर्गात यांत्रिक होते. आपण करतो त्यामुळे मुलाच्या मनात भाषा कशी घडते याचे काही पटणारे चित्र शिक्षकाजवळ आहे की नाही, यावर ते अवलंबून असते, असे त्यांनी तेथे मांडले. दाराकडे चालत जाणाऱ्या शिक्षकांजवळही असे चित्र असू शकते, ही शक्यता त्यांनी नाकारली नाही.